शिडाच्या आरामखुर्च्या

आधीच सांगते, माझं अक्षर चांगलं नाही. ओळ सरळ जात नाही आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीपर्यंत शाळा झाली, पुढे मासळीची पाटी डोक्यावर आली. हे कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही. पण चुकून कुणाच्या हाती पडलंच, तर चुकलेल्या शब्दांकडे काणाडोळा करा. चार माणसं समोर बसली की माझा घसा सुकतो, लहानपणापासूनच. म्हणून दुपारी सून आडवी झाली की मी लिहायला बसते.

परवा नात एक पिशवी घेऊन आली. खांद्याला अडकवायची, जाड, पांढुरकी. म्हणाली, आजी, ही जुन्या बोटीच्या शिडाची आहे, बघ, जुनी शिवणसुद्धा तशीच ठेवलीय. किंमत ऐकून मी उठले. स्वयंपाकघरात जाऊन तोंडाला पदर लावून हसले. ती आंघोळीला गेली तशी मी हळूच पिशवी उघडली आणि आत नाक घातलं. नुसता दुकानाचा वास.

शिडाला वास असतो. कुजू नये म्हणून ते ज्यात बुडवून रंगवतात त्या झाडाच्या सालीच्या काढ्याचा, खाऱ्या पाण्याचा, उन्हाचा, बापसाच्या विडीचा, आणि खूप आत कुठेतरी बोंबलाचा. आम्ही वेसाव्याची पोरं त्या वासातच वाढलो, म्हणून तो वास आहे हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. घरात शीड कुठे नव्हतं? मी झोपले ती झोळी आज्याच्या शिडाची. न्हाणीला पडदा शिडाचा. सुकी मासळी अंथरायची ती शिडावर, पावसात चूल झाकायची ती शिडाने, आणि लग्नाच्या मांडवाला वर जे ताणायचं तेही शीडच. माझं दप्तर शिडाचं होतं. वर्गातल्या मुली नाक मुरडायच्या आणि मला वाटायचं, माझं अक्षर बघून मुरडतात.

शीड जुनं झालं की बापूस ते काठीवरून उतरवायचा, पण लगेच कापू द्यायचा नाही. आमच्या घरची रीतच होती. उतरवलेलं शीड आधी अंगणात पसरायचं आणि दिवसभर आम्हा पोरांना त्यात खेळायला सोडायचं. बापूस म्हणायचा, त्याला वाऱ्याची सवय हाय, ती सुटल्याबिगर कात्री लावली तर कापड रागावतं. मग आम्ही गल्लीतली सगळी पोरं त्याच्याखाली शिरायचो. आत चहाच्या रंगाचा उजेड असायचा. बाहेरून आई हाक मारायची आणि आत आम्ही श्वास धरून पडायचो. मधूनच वारा यायचा, शीड फुगायचं, आमच्या डोक्यावरून उठायचं आणि पुन्हा बसायचं. संध्याकाळी बापूस येऊन त्यावर हात फिरवायचा आणि म्हणायचा, आता कापा. मग आई दाभण काढायची, तळहाताला चामड्याचा तुकडा बांधायची, आणि घरात त्या जाड कापडातून सुतळी ओढल्याचा खर्रखर्र आवाज सुरू व्हायचा. मला अजून झोप लागत नसली की मी तो आवाज आठवते.

मी तिसरीत होते त्या वर्षी आमच्या होडीला यंत्र लागलं. सगळं गाव किनाऱ्यावर उभं. यंत्र खोकलं, थांबलं, पुन्हा खोकलं आणि मग जे टकटकायला लागलं ते पार क्षितिजापर्यंत ऐकू आलं. बापूस तांडेल, होडी त्याच्या हातात असायची. परत आल्यावर तो कितीतरी वेळ कान चोळत बसला होता. म्हणाला, आता वाऱ्याला बोलवायला नको. त्याला आनंद झाला होता की दुसरं काही, मला कळलं नाही. एकेक करत गावातल्या बऱ्याच होड्यांना यंत्रं लागली. अडीअडचणीला एक शीड प्रत्येकाने जवळ ठेवलं, बाकीची निकामी झाली. लोक ती आईला आणून देऊ लागले, कारण शिडाचं काही करावं तर आईनेच. आमच्या पडवीत शिडांचा डोंगर झाला. मांजरीने त्यावर पिल्लं घातली.

धाकूआत्या मढच्या सासरहून कायमची परत आली तीही त्याच सुमारास. ती माझ्या बापसाची धाकटी बहीण. का आली ते मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. आत्याचा आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. तिच्यासोबत झोपलं की स्वप्नं सुद्धा गमतीची पडायची. पण जेवायला बसली की ती थोडंच वाढून घ्यायची. आई म्हणायची, घे गो आणखी. आत्या म्हणायची, माझी स्वतःची पाटी होऊ दे, मंग बघ कशी जेवते.

आई ताजी मासळी घेऊन रोज अंधेरीला जायची. स्टेशनजवळ दोन मजली चाळ होती, कचेरीत जाणाऱ्या लोकांची. काही बिऱ्हाडं मासळी खाणारी, काही नुसतीच जिन्यात नाक धरणारी. ती चाळ म्हणजे आईचं शेत होतं. तिथल्या दारांवर आमचं घर चालायचं. कुणाकडे बाळंतीण आहे, कुणाला काटे चालत नाहीत, कुणाच्या घरी सासू सोमवार मोडत नाही, हे सगळं आईला ठाऊक. सुट्टीच्या दिवशी ती मलाही न्यायची. मी तिच्या लुगड्याचा ओचा धरून जिना चढायची आणि कुणी नाव विचारलं की आईच्या मागे सरकायची.

खाली पहिल्याच खोलीत नाना राहायचे. पेन्शनीत निघालेले, एकटे. दिवसभर आरामखुर्चीत. एकदा आम्ही गेलो तर आतून बारीक आवाज आला, अगं कुणी आहे का. बघतो तर खुर्चीचं कापड फाटून नाना लाकडी चौकटीत आत गेलेले, गुडघे हनुवटीला टेकलेले, हातात पेपर तसाच. आत्या त्या दिवशी बरोबर होती. तिने आणि आईने दोन्ही हात धरून ओढलं तेव्हा ते सुटले. नानांनी धोतर झटकलं आणि जणू काही झालंच नाही अशा आवाजात विचारलं, "कोळीणबाई, तुमच्याकडे शिडाचं जाड कापड असतं ना हो?"

आईने हाताने खुर्ची मोजली आणि दुसऱ्या दिवशी कापड शिवून आणलं. दोन्ही टोकांना काठी घालायला नेफा, कडेला दुहेरी टीप. शीड उन्हाने विटून पांढरं पडलेलं, वर्षानुवर्षं पावसाने धुतलेलं, मऊ. नाना बसले, मागे रेलले आणि त्यांनी डोळे मिटले. म्हणाले, हे माझ्यामागेही टिकेल. मग रोज येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून ते खुर्चीत बसवून दाखवू लागले. महिन्याच्या आत चाळीतल्या जवळजवळ प्रत्येक बिऱ्हाडाने शिडाचं कापड सांगितलं, आणि आईवर भरवसा म्हणून पैसे आधी हातावर ठेवले.

इतके पैसे आईने एकदम कधी पाहिले नव्हते. घरी येऊन तिने ते आत्यासमोर ओतले आणि म्हणाली, "घे, हो तुझी पाटी." भर उन्हाळा, बोंबील स्वस्त. आत्याने त्या सगळ्या पैशांचे सुके बोंबील घेतले. पावसात मासळी बंद झाली की तेच सोन्यासारखे विकले जातात. माळा बोंबलांनी भरला. आत्या त्या दिवशी दोनदा भात वाढून घेऊन जेवली.

आता खुर्च्या. नानांना दिलं तसंच विटकं, धुऊन मऊ झालेलं कापड दिलं असतं तर ही गोष्टच झाली नसती. पण आईला ते बरं वाटेना. आधी पैसे देणाऱ्या माणसांना उतरलेल्या रंगाचं शीड द्यायचं? शेजारणींनाही पटेना. रंग दिल्याशिवाय शीड देतात का कुणाला, लोक काय म्हणतील. बापसालाही ते पटलं. किनाऱ्यावर तीन दगडांवर मोठं भांडं चढलं, त्यात साल उकळली. आम्ही पोरांनी लाटेने आणलेली लाकडं गोळा केली. सगळ्या गल्लीत तो तुरट, गोडसर वास भरला. बापूस काठीने कापड खाली दाबायचा, वर काढायचा, आणि कितीतरी दिवसांनी गाणं गुणगुणत होता. यंत्र आल्यापासून त्याने साल उकळलीच नव्हती. सुकायला दोरीवर टाकलेली ती कापडं लालसर तपकिरी, नव्या नवरीसारखी दिसत होती. येणारी-जाणारी थांबून बघायची.

डोक्यावर गठ्ठे घेऊन आम्ही तिघी सात बंगल्याच्या वाटेने अंधेरीला गेलो. आईने एकेका खुर्चीला स्वतःच्या हाताने कापड लावलं. बायका म्हणाल्या, काय सुंदर रंग आहे. आईचा चेहरा मला अजून दिसतो.

वैशाखाचे दिवस होते. संध्याकाळी पुरुष कचेरीतून आले आणि घामाघूम होऊन खुर्च्यांमध्ये पसरले.

आमचे पुरुष उघड्या अंगाने समुद्रावर जातात, त्यांची पाठ त्या रंगाचीच असते. शिडाचा रंग अंगाला लागतो हे आम्हाला कळणार कसं? दोन दिवसांनी आम्ही पाटी घेऊन चाळीत गेलो तेव्हा वरच्या गॅलरीत दोरीवर ओळीने बनियन, सदरे, शर्ट वाळत होते आणि प्रत्येकाच्या पाठीवर तपकिरी डाग होता, हातभर रुंद, वर गोल, खाली निमुळता. जणू सगळ्या चाळीला एकाच शिंप्याने ठिगळ लावलं होतं. वासाचं काय झालं तेही मग कळलं. घाम लागला की शीड आपला जुना वास बाहेर काढतं. तीन खुर्च्यांत तीन मांजरं झोपलेली आणि ती हलेनात.

आईने नेहमीसारखी हाक दिली. एकही दार उघडलं नाही. मग दुसऱ्या मजल्यावरच्या माई बाहेर आल्या. उंच, काटक, हातात एक पांढरा शर्ट. त्यांचा मुलगा रविवारी पार्ल्याला मुलगी बघायला गेला होता. निघण्याआधी बूट घालायला तो खुर्चीत बसला. मुलीच्या घरी पोहे झाले, चहा झाला, सगळं छान झालं, आणि निघताना तो नमस्कार करून वळला. त्याची पाठ मुलीकडच्या सगळ्यांनी एकदम बघितली.

माई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "माझे पैसे परत आणून द्या. ह्या शर्टाचेही. तोवर ह्या जिन्यावर पाय ठेवायचा नाही."

आत्याने तोंड उघडलं तसा आईने तिच्या पायावर पाय दिला. आई एवढंच म्हणाली, "आणून देते."

खुर्च्यांची कापडं काढून घेतली, गठ्ठे बांधले. नानांनी मात्र आपलं काढू दिलं नाही. त्यांच्या पाठीला काही झालं नव्हतं. ते दारात उभे राहून सगळ्यांना आपली पाठ दाखवत होते, पण कुणी बघत नव्हतं. आम्ही चालत निघालो. चाळ गेली म्हणजे आमच्या चुलीतली निम्मी लाकडं गेली. पैसे द्यायचे तर ते बोंबील होऊन माळ्यावर बसलेले, आणि ते बोंबील विकायचे होते तेही ह्याच दारांवर.

खाडीच्या बांधावर आत्याने गठ्ठा खाली टाकला आणि त्याच्यावर बसली. मला वाटलं, रडतेय. बघते तर हसून तिचे खांदे हलत होते. "वैनी," ती म्हणाली, "अख्ख्या चाळीला आपुन शीड लावलं गो. आता जोराचा वारा आला ना, की चाळ निघंल दर्यावर."

आई आधी तिच्याकडे रागाने बघत राहिली. मग तिच्याही तोंडाला पदर गेला. त्या दोघी बांधावर बसून हसल्या, मिठागरात मीठ उचलणारे लोक थांबून बघायला लागले, आणि मलाही हसू आलं. का, ते नीट न कळताच.

तो पावसाळा माझ्या आयुष्यातला सगळ्यात ओला आणि सगळ्यात गमतीचा. होड्या वर ओढून झाकलेल्या, पुरुष घरी. बापूस म्हणाला, रंग आपुन घातला, तो आपुनच काढायचा. दगडी डोणीत सोड्याचं गरम पाणी, त्यात कापडं, आणि त्यात आम्ही गल्लीतल्या मुली परकर वर खोचून नाचायचो. पाणी तांबडं व्हायचं, ओतायचं, पुन्हा नवं. आमचे पाय घोट्यापर्यंत तपकिरी झाले. शाळेत बाईंनी विचारलं, पायाला काय झालं गं. मी पाय बाकाखाली ओढून घेतले. जरा उघडीप मिळाली की कापडं वाळूवर पसरायची, सर आली की धावत उचलायची. कोण आधी उचलतं याची आम्ही शर्यत लावायचो. श्रावणातल्या उन्हात ती कापडं हळूहळू पिवळट झाली, मग पेजेच्या रंगाची, आणि गणपतीच्या सुमारास फेसासारखी पांढरी. बापूस रोज एक कापड पाठीवर दाबून, माझ्या आईला पाठ दाखवायचा. आई म्हणायची, तुझ्या पाठीवर काय दिसणार रं, पोरीचा पांढरा झंपर आण. मग माझा झंपर ओला करून त्यावर कापड घासलं जायचं. एके दिवशी झंपर पांढराच राहिला.

पण बोंबील? आत्या म्हणाली, अंधेरीत नाय तर पुढे. ती एकटी सांताक्रूझला गेली. पहिल्या दिवशी अर्धी पाटी तशीच परत आली. दुसऱ्या दिवशी ती एका गल्लीत उभी राहून एवढ्या मोठ्याने ओरडली, की एका बाईने खिडकीतून तिला गप्प बसायला सांगितलं, आत्याने तिला दोन बोंबील फुकट दिले, आणि त्या खिडकीपासून तिची गल्ली सुरू झाली. रोज संध्याकाळी ती यायची, चिखलाने माखलेली, पाटी उपडी करून दाखवायची, आणि नाणी आईच्या ओच्यात टाकायची. त्या वर्षी नवे पैसे निघाले होते. आणे आणि नवे पैसे एकात एक मिसळलेले, त्यांचा हिशेब करताना बापूस आणि आत्या भांडायचे आणि मला शाळेत शिकवलेलं विचारायचे. मी बोटांवर सांगायची. घरात मला बोलता यायचं.

पांढरी कापडं घेऊन आई चाळीत गेली, पण जिन्यावर पाय ठेवला नाही. खाली अंगणात नळाजवळ बसली. जिन्यावर पाय ठेवायचा नाही म्हटलं म्हणजे नाही. बायका खाली उतरल्या, कापड हातात घेऊन बघितलं, वास घेतला. नाना खुर्चीच बाहेर घेऊन आले आणि त्यात बसून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात पेपर वाचत बसले. बहुतेकींनी कापड परत घेतलं आणि त्या पैसे राहू द्या म्हणाल्या. फक्त माईंनी कापड नको सांगितलं. त्यांना पैसेच हवे होते, कापडाचे आणि शर्टाचे, आणि ते आईने द्यायचं कबूल केलं होतं.

बोंबलांची नाणी पावसाळ्यात घर चालवण्यात गेली होती, म्हणून ते एकदम देणं होईना. थोडे जमले की आम्ही जायचो. आई अंगणात थांबायची. जिन्याची बंदी तिला होती, मला नव्हती. मी मुठीत नाणी घेऊन दोन मजले चढायची. वर पोचेपर्यंत नाणी गरम व्हायची. मी दार वाजवायची, तेही एका बोटाने. माई पैसे घ्यायच्या आणि विचारायच्या, किती राहिले? मी बोटं दाखवायची. माई तेवढ्यावर मान हलवायच्या आणि दार लावायच्या. एकदा मात्र त्यांनी मला थांबवलं, आत गेल्या आणि बेसनाचा लाडू आणून दिला. तो मी जिन्यातच खाल्ला, खाली आईला सांगितलं नाही.

दिवाळी झाली, थंडी पडली. शेवटचे पैसे जमले तेव्हा आत्याही आमच्याबरोबर आली. मी वर गेले. दार उघडलं ते माईंनी नाही. हातात हिरवा चुडा असलेली एक मुलगी होती, चेहऱ्याने अजून कोवळी. तिने माझ्या मुठीकडे पाहिलं आणि ओळखलंच. खाली वाकून हळूच म्हणाली, "ती शिडाची माणसं तुम्हीच ना? आमच्याकडून निघताना ते वळले आणि मला इतकं हसू फुटलं, की माझी आई म्हणाली, पसंत दिसतोय हिला." मग तिने विचारलं, तुझी आई कुठे आहे? मी खाली बोट दाखवलं.

ती गॅलरीच्या कठड्याशी गेली आणि वाकून म्हणाली, "मावशी, वर या ना. पैशांचं राहू द्या आता."

आईने मान वर केली. "हसलीस ते तुझं," ती म्हणाली. "पैसे तुझ्या सासूचे हायत. मोजून घे."

आतून माई आल्या. सुनेच्या मागे उभ्या राहिल्या. नवरीने माझ्या हातातली नाणी कठड्यावर मांडली आणि एकेक करत मोठ्याने मोजायला लागली. सगळी चाळ गॅलरीत आली होती. खाली आत्याने पाटी धरलेली, आई दोन्ही हात मागे बांधून उभी. शेवटचा नवा पैसा बारीक होता, तो कठड्यावरून घरंगळायला लागला, माईंनी पुढे होऊन तो तळव्याखाली धरला. मग त्यांनी सगळे पैसे एका हाताने दुसऱ्या हातात ओढून घेतले, खाली आईकडे बघितलं आणि म्हणाल्या, "पूर्ण पोचले, कोळीणबाई."